धापूबाईची मुलाखत

एक

भैरवगढच्या कारखान्यात छापील कापड धुवायचा जो मोठा हौद आहे, त्यात शुक्रवारी सकाळी धापूबाई पालथी तरंगताना सापडली. कुसुम फ्रीगंजातून ई-रिक्षा करून पोचली तोवर तिला बाहेर काढून ओट्यावर निजवलं होतं. अंगावर डाग पडलेली एक चादर टाकली होती. बिनडागाच्या चादरी परदेशी जायच्या.

"मावशी, बरं झालं लवकर आलीस," सौमित्र म्हणाला. कारखाना त्याचा. कुसुमच्या थोरल्या बहिणीचा, माईचा तो एकुलता एक मुलगा. "रात्री काहीतरी विसरलं म्हणून परत आली असणार. शेवाळावरून पाय घसरला. ठाण्याचा माणूस येऊन बघून गेला. तिच्या पोरीची काही शिकायत नाही. दुपारी चक्रतीर्थावर नेतोय."

"शवविच्छेदन?"

"घरचे नको म्हणतात. म्हाताऱ्या बाईची कशाला चिरफाड?"

त्याची बायको मधुरा एक कागद घेऊन पुढे आली. तिने डोळे पुसले होते, पण कागदाला सुरकुती पडू दिली नव्हती.

"मावशी, इथे फक्त सही. समितीची बाहेरची सदस्य म्हणून."

ही समिती म्हणजे डेन्मार्कच्या कंपनीची अट होती. त्या कंपनीच्या प्रत्येक चादरीला एक चिठ्ठी शिवलेली असे: ही चादर छापणाऱ्या हाताला न्याय्य मजुरी मिळाली आहे. हे खरं की खोटं ते बघायला दरवर्षी तपासणीची बाई यायची. ती कालच, गुरुवारी, येऊन खूष होऊन गेली होती. कामगारांच्या तक्रारी ऐकायला समिती हवी आणि समितीत एक माणूस बाहेरचं हवं, म्हणून कामगार खात्यातून निवृत्त झालेल्या कुसुमचं नाव घातलं होतं. 'मालकाची मावशी बाहेरची कशी रे?' असं तिने तेव्हा विचारलं, तर सौमित्र हसून म्हणाला होता, 'कागदावर आडनाव वेगळं आहे ना!'

आता त्या कागदावर 'अपघाती मृत्यू' असं लिहिलेलं होतं.

"आज सही झाली तर माल सोमवारी निघेल," मधुरा म्हणाली. "नाही झाली तर ऑर्डर थांबेल. मग या चाळीस बायकांनी जायचं कुठे, मावशी?"

चाळीस बायका अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणी रडत नव्हती.

कुसुमने चादर बाजूला केली. धापू तिची बालमैत्रीण. उज्जैनच्या मिलचा भोंगा वाजला की सारा फ्रीगंज घड्याळं लावायचा, त्या काळातली. कुसुमचे वडील मिलमध्ये हेडक्लार्क आणि धापूचा बाप साच्यावर, कापड विणायला. माई, कुसुम आणि धापू, तिघी मिलच्या फाटकाशी सागरगोटे खेळायच्या. धापूचा बाप मालकाच्या तोंडावर 'मजूरी पूरी दो, साब' म्हणायचा आणि मालक निदान मान खाली घालायचा. मिल बंद पडली, बाप गेला, धापू छापाईला लागली. रंगपंचमीला गुजिया घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, "कुसुम, इस बार मैं बोलूँगी। कागज पे एक मजूरी, हाथ में आधी। घर-घर छोरियाँ छाप रही हैं, वो भी बताऊँगी।"

कुसुमने तिचा उजवा हात उचलला. तळव्याचा मनगटाकडचा भाग ठेचून फुटला होता.

"ते छापाईने होतं," सौमित्र घाईघाईने म्हणाला. "जिंदगीभर ठोकत आल्या ना."

ते खरंच होतं. छापणारी बाई डाव्या हाताने लाकडी ठसा धरते आणि उजव्या हाताच्या तळव्याने त्यावर ठोकते. कुसुमने धापूचा डावा हात उलटा केला.

तो उजव्यापेक्षा जास्त फुटला होता.

दोन

"डाव्या हाताने कोणी ठसा ठोकतं का रे, पराग?"

पराग हा सुपरवायझर. नागपूरहून आलेला, चुणचुणीत, शर्टाची इस्त्री न मोडणारा. तपासणीच्या आधी बायकांकडून उत्तरं घोटून घ्यायचं काम त्याचं. त्याला तो 'तालीम' म्हणायचा.

"हौदाच्या काठावर आपटले असतील हात. मॅडम, तुम्ही उगाच... काल तर धापूबाई एकदम मस्त बोलल्या. गोऱ्या बाईने यादीतून त्यांचंच नाव काढलेलं. सगळ्यांत जुन्या कामगाराशी बोलायचंच, असा नियम आहे त्यांचा. ती हजर नसेल तर हे लोक तिच्या घरी जातात."

"आणि घरी गेले की पोरी छापताना दिसतात."

परागने शर्टाची बाही सरळ केली.

"नाव कधी कळलं तुम्हाला?"

"बुधवारी. मेल आला."

"तालमीत धापू काय म्हणाली?"

"तालमीत..." तो अडखळला. "तालमीत जरा अडून बसल्या होत्या. पण मुलाखत छान दिली! दुभाषी मुलीला विचारा. मी नव्हतो आत; कोणालाच बसू देत नाहीत."

"मुलाखत कुठे झाली?"

"ठरली होती वर, मधुरा मॅडमच्या केबिनमध्ये. पण गोरीचे गुडघे धरलेले, जिना चढवेना. मग इथे, खालच्या ऑफिसात बसली. हट्टीच बाई! भट्टी पेटवायची नाही असं आम्ही ठरवलेलं, धूर होतो, त्यांना आवडत नाही. पण म्हणाली, रंग उकळताना बघायचाच. मग जेवणानंतर पेटवली मी. भरपूर फोटो काढले तिने."

कुसुम बायकांकडे वळली. एकेकीला विचारलं. काल धापूला कोणी पाहिलं?

"धापूबई भीतर गई थी, बेनजी। राजी-खुशी बाहर आई।"

दुसरी म्हणाली, "धापूबई भीतर गई थी, बेनजी। राजी-खुशी बाहर आई।"

तिसरीनेही तेच म्हटलं, श्वास त्याच जागी घेऊन. नोकरीत कुसुमने असली पुष्कळ उत्तरं ऐकली होती. खरं बोलणाऱ्या चार बायका चार तऱ्हांनी बोलतात.

"आणि मुलाखत चालली होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"फोटू था ना, सबका!" एक तरणी पोर चटकन बोलून गेली. "टेबल बंद कराके सबको यहीं आँगन में खड़ा किया था। गोरी का आदमी खींच रहा था।"

शेजारणीने तिला कोपर मारलं.

धापूची मुलगी रामकन्या जरा दूर बसली होती. तीही इथेच छापायची. कुसुम तिच्यापाशी उकिडवी बसली.

"रामकन्या, बुधवार रात को माँ घर पे थी?"

"थी।"

"और कल रात?"

"थी। फिर बोली, आती हूँ।" रामकन्याने वर पाहिलं नाही. "बेनजी, मैंने थाने में लिख दिया है। आप भी लिख दो।"

कुसुम उठून ऑफिसात गेली. साधी खोली, टेबल, दोन खुर्च्या. मागच्या भिंतीपलीकडे भट्टीची लाकडं ठेवायची खोली होती. बिनखिडकीची. भट्टीचं धुरांडं त्या खोलीला चिकटून वर जायचं. फुटकं होतं, दुरुस्त करा म्हणून कुसुमने मागेच सौमित्रला बजावलं होतं. ती बाहेरून वळसा घालून त्या खोलीच्या दारापाशी गेली. नवं कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं. दाराची बाहेरची बाजू वर्षानुवर्षांची काळपट, पापुद्रे सुटलेली.

तिने दार ढकललं आणि बोटं चिकटली. दाराची आतली बाजू हिरव्या ऑइलपेंटने नुकतीच रंगवली होती. रंग अजून ओला होता.

तीन

दुभाषी मुलगी प्राजक्ता टॉवर चौकातल्या एका पोह्यांच्या दुकानात भेटली. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून नाशिकहून नुकतीच उज्जैनला आलेली, इंग्रजी झकास. धापू गेली हे ऐकून तिने हातातली बशी खाली ठेवली.

"अहो, काल तर किती गोड बोलल्या त्या! मी एवढ्या मुलाखती केल्या, पण अशी नाही ऐकली. पोरगं तापाने गेलं ते सांगितलं, नवरा मिलमध्ये होता ते सांगितलं, मला अक्षरशः रडू आलं. आणि मग म्हणाल्या, या कारखान्याने मला उभं केलं. मजुरी पुरी मिळते, वेळेवर मिळते."

"दिसायला कशी होती?"

"म्हातारी. डोक्यावरून लुगडं पुढे ओढलेलं. लाजत असतील."

"बोली कोणती?"

"इथलीच हो, मालवी. मला निम्मी कळायची नाही, मग हिंदीत सांगायच्या."

कुसुमचा चहा निवत होता. धापूचं पोर तापाने गेलं हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे बोलणारी धापूच का? मरणाच्या काही तास आधी ती इतकी बदलली? कुसुम क्षणभर डगमगली. बिचारीला धाकदपटशा दाखवला असेल. असेल पाय घसरला.

"घाबरलेली वाटली का?"

"नाही... म्हणजे एकदाच. मागून एकसारखं थप् थप् ऐकू येत होतं. मॅडमनी विचारलं, हा कसला आवाज? तर त्या पटकन म्हणाल्या, छापणाऱ्या बाया आहेत, ठसे ठोकतायत. मॅडमना इतकं आवडलं! म्हणाल्या, किती सुंदर लय आहे."

कुसुमने टेबलाची कड धरली. टेबलं बंद होती. छापणाऱ्या सगळ्या बाया अंगणात फोटोला उभ्या होत्या.

"मग?"

"मग काय, तो आवाज हळूहळू थांबला. धापूबाईंच्या तोंडाला कोरड पडली होती, बहुतेक बोलून बोलून. मॅडमनी थर्मासमधला चहा दिला. वाफाळता होता, तरी घटाघट प्यायल्या. मी म्हटलं, आजी, जीभ भाजेल! आणखी मागून घेतला."

"गरम चहा?"

"हो. का?"

"काल गुरुवारी?"

"कालच की. काय झालं, काकू?"

काल सातम होती. होळीनंतरची शीतला सातम. मालव्यात त्या दिवशी बायका चूल पेटवत नाहीत, आदल्या रात्रीचं थंड जेवतात, गरम पाण्याला बोट लावत नाहीत. धापूचं पोर तापाने फणफणून गेलं त्या वर्षापासून तिने सातमीला कधी कोमट घोटसुद्धा घेतला नव्हता. एकदा ती स्वतः तापात होती तेव्हा कुसुमने काढा पुढे केला, तर तिने तो मोरीत ओतला होता.

धापू त्या खोलीत बसलीच नव्हती. ती भिंतीच्या पलीकडे होती.

मग भिंतीच्या अलीकडे कोण होतं? कामाच्या बाया सगळ्या अंगणात. मधुरा तरुण, आणि गोरी तिला ओळखत होती. हवी होती एक म्हातारी, मालवी घरच्यासारखी बोलणारी, धापूच्या मेलेल्या पोराविषयी जाणणारी. आणि जिच्या घरच्या पंचांगात काल काहीच नव्हतं अशी. इथल्यांचा महिना पौर्णिमेलाच बदलतो, म्हणून त्यांची सातम चैत्रातली. मराठी घरात कालचा दिवस फाल्गुनातली एक साधी वद्य सप्तमी. आपली शिळा सप्तमी श्रावणात.

कुसुमला वाटलं, आपण हे शोधून काढायला नको होतं.

चार

माई देवघरासमोर वाती वळत बसली होती. सत्तरी उलटलेली, पण कणा ताठ. घराण्यात कोणी एकेकाळी सरकारांचे फडणीस होते, तो ताठा अजून पाठीत होता.

"ये, कुसुम. सही केलीस?"

"चहा प्यायलीस काल, माई."

"रोज पिते."

"सातमीला प्यायलीस. धापू म्हणून बसलीस आणि सातमीला गरम चहा प्यायलीस."

माईचे हात थांबले. मग तिने अर्धी राहिलेली वात नीट वळून पुरी केली.

"हट्!" ती स्वतःवरच चिडल्यासारखी म्हणाली. "लहानपणी तिच्या घरचं ठंडं किती वेळा खाल्लं होतं आपण. तरी डोक्यात नाही आलं. आपल्याकडे नसतं ना."

"कुलूप कोणी लावलं?"

"मी. तिचा भरोसा माझ्यावरच होता. म्हटलं, धापू, आत ये, जरा बोलायचंय. आली बिचारी." माईच्या आवाजात कसलाही चढउतार नव्हता. "काय बिघडलं होतं? खाट टाकली होती आत. लोटा भरून पाणी, पांघरूण. एक रात, एक दिवस, बस. तालमीत साफ म्हणाली, मी सगळं सांगणार. सौमित्रने कर्ज काढून उभं केलेलं, ते एका बाईच्या जिभेपायी जाऊ देऊ?"

"ती जीभ खरं बोलणार होती."

"तुझी पेन्शन येते, कुसुम. तुला खरं परवडतं. त्या गोऱ्यांना स्वस्त चादर पण पाहिजे आणि वर पुण्य पण पाहिजे. भाव वाढवा म्हटलं की बांगलादेशचं नाव घेतात. पुरी मजुरी कुठून देणार? मग कोणीतरी खोटं बोलायचंच असतं. मी बोलले."

"आणि भट्टी पेटली."

माईने वातींचा डबा जवळ ओढला.

"परागला ठाऊक नव्हतं की ती आत आहे. पण तुला होतं. त्या खोलीत धूर भरतो, तुला ठाऊक होतं. ती दोन्ही हातांनी दार बडवत होती आणि तू भिंतीच्या अलीकडे बसून म्हणालीस, ठसे ठोकतायत."

"किल्ली कमरेला होती," माई हळूच म्हणाली. "टोचत होती. मी उठले असते तर ती मुलगी म्हणाली असती, आजी कुठे चाललात? मग काय सांगू? मला वाटलं, आत्ता थांबेल. ओरडून दमेल, बसेल."

"थांबली."

"हो. थांबली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, कुसुम! वाटलं, शहाणी झाली." माईने वाती डब्यात भरल्या. "गोरी गेल्यावर दार उघडलं. सौमित्रने उचलून हौदाशी नेली. एकदम हलकी होती. दारावर आतून तिच्या हातांचं... ते त्याला बघवेना, म्हणून रंग लावला."

"मी पोलिसांत जाते आहे."

"जा ना. मी नाही म्हणेन. सौमित्र नाही म्हणेल. चाळीस जणी म्हणतील धापू भीतर गई थी. तुझ्याकडे काय आहे? एक कप चहा." माई गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणि धापू तर आता चक्रतीर्थावर पोचली असेल."

पाच

रिक्षातून कुसुमने ठाण्याला फोन लावला. धापूच्या छातीत पाणी सापडणार नाही, धूर सापडेल. एवढं एकदा डॉक्टरने बघावं, प्रेत थांबवा. तिकडचा माणूस म्हणाला, "घरवालों की शिकायत है क्या, मैडम?" मग म्हणाला, "आप निवृत्त अधिकारी हैं, इसलिए आता हूँ। तब तक रोकिए आप।"

चक्रतीर्थावर क्षिप्रेच्या काठाला चिता रचून तयार होती. ज्या बायका एरवी स्मशानाची वाट धरत नाहीत, त्या चाळीसच्या चाळीस आज तिथे आल्या होत्या. चितेभोवती त्यांनी कडं केलं होतं. सौमित्र आणि मधुरा दूर गाडीपाशी उभे होते. त्यांना जवळ यायची गरजच नव्हती.

"थांबा!" कुसुम ओरडली. "पोलीस येतायत. आग देऊ नका."

कोणी हललं नाही. तिने वाट काढायचा प्रयत्न केला, तर बायकांनी तिला धक्का दिला नाही, शिवी दिली नाही. फक्त खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. त्यातल्या कित्येकींची बाळंतपणाची रजा, कित्येकींचा बुडालेला फंड कुसुमने भांडून मिळवून दिला होता.

"रामकन्या! तू एकदा म्हण की तपासा. तुझ्या एका शब्दाने थांबेल. तुझ्या आईला कोंडून मारलंय."

रामकन्या कड्यातून पुढे आली.

"पता है।"



"मैंने ही बताया था माई को," रामकन्या म्हणाली. "कि माँ गोरी के सामने बोलेगी। माई बोली, एक रात की बात है, घर पे मत ढूँढना। बोली, तेरे को टेबल की मुखिया बनाऊँगी। मेरी दो छोरियाँ हैं, बेनजी। माँ को सच बोलना था, रोटी मेरे को बेलनी थी।"

"अगं, पण ती दार बडवत होती! अंगणात आवाज नाही आला तुला?"

"आया।" तिने मागे बायकांकडे पाहिलं. एकीनेही नजर वळवली नाही. "सबको आया। मैं पैर उठाने लगी तो फोटूवाला बोला, हिलना नहीं, हँसो। तो हम हँसे।"

वरच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. घाटाच्या पायऱ्या उतरून यायला थोडा वेळ लागणार होता. धापूचा पुतण्या हातात पेटतं लाकूड घेऊन घुटमळत होता. जीपकडे बघून तो दोन पावलं मागे सरला.

रामकन्याने त्याच्या हातातलं लाकूड काढून घेतलं. धापूच्या जातीत मुलगी अग्नी देत नाही. एका बाईने तुपाचा डबा चितेवर पालथा केला, दुसरीने राळेची मूठ टाकली. रामकन्याने वाकून आधी उशाशी लाकूड लावलं, मग दोन्ही बाजूंना, मग पायथ्याशी, चूल नीट पेटावी म्हणून बाई लावते तसं.

जाळ एकदम वर गेला. पायऱ्यांवर फौजदाराचे बूट वाजले आणि मधेच थांबले.

रामकन्याने हात झटकले, पदर डोक्यावर ओढला आणि कुसुमच्या समोर येऊन उभी राहिली.

"अब सही कर दो, बेनजी," ती म्हणाली. "सोमवार को काम पे जाना है।"